पहिल्या खेळाची साक्ष कोण देणार?

१/
डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ चित्रपट-निर्मात्यांची एक संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. नवा चित्रपट लागल्यापासून पहिले तीन दिवस समाजमाध्यमांवर त्याचे समीक्षण प्रसिद्ध करण्यास मनाई असावी, अशी तिची मागणी होती. न्यायालयाने तशी अंतरिम मनाई दिली नाही. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयातल्या अशाच स्वरूपाच्या एका प्रकरणात न्यायमित्राने ४८ तास थांबण्याची शिफारस केली होती.

इतिहासाच्या आपल्या वर्तुळात या बातम्यांवर फारसे कोणी बोलले नाही. जे बोलले ते हसून बोलले. समीक्षकांना विचारतो कोण? त्यांनी तर ‘शोले’लाही नाकारले होते! चार दिवस गप्प बसले तर बिघडले कुठे? हा धागा त्या हसण्याविरुद्ध आहे.

२/
निर्मात्यांच्या नफ्यातोट्याचे त्यांचे ते पाहून घेतील. पैसे घेऊन एखादा चित्रपट मुद्दाम बदनाम करणारे लोक आहेत, ही त्यांची तक्रार पूर्णपणे खोटी नाही. त्यावर कायद्याने काय करायचे ते व्हावे. परंतु सर्वांना सक्तीने तीन दिवस गप्प करणे म्हणजे साक्षीदाराला घटनास्थळावरून हाकलून द्यायचे आणि चौथ्या दिवशी बोलावून ‘आता सांग, काय पाहिलेस’ असे विचारायचे. त्या तीन दिवसांत जाहिरात बोलत राहणार, नायक मुलाखती देत राहणार, गल्ल्याचे आकडे झळकत राहणार. तोंडाला कुलूप लागणार ते केवळ त्याच्या, ज्याने चित्रपट पाहिला आहे आणि ज्याला त्यावर लिहायचे आहे.

३/
राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तेव्हापासून आपण एक धडा घोकत आलो आहोत, की बखरीपेक्षा अस्सल पत्र मोठे. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, घटना घडत असताना लिहिलेल्या दोन ओळींचे मोल निराळे. ‘सभासदाची बखर’ शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने लिहिली गेली, एवढ्यावरून आपण तिच्यातील प्रत्येक तपशील ताडून पाहतो. आणि हे योग्यच आहे.

मग चित्रपटाच्या इतिहासात पाऊल टाकताच ही शिस्त कुठे जाते? दुर्गाबाई खोटे यांनी ‘अयोध्येचा राजा’त काम केले १९३२ साली, ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र आले त्यानंतर अर्ध्या शतकाने. पुस्तक वाचनीय आहे, प्रामाणिकही आहे. पण साधनांच्या वर्गवारीत ती बखर आहे. तो चित्रपट लागला त्या आठवड्यात गिरगावात बसून कोणी वर्तमानपत्रासाठी पाऊण स्तंभ खरडला असेल, तर तो पाऊण स्तंभ म्हणजे पत्र. आपण बखर शेअर करतो आणि पत्र रद्दीत घालतो.

४/
याची किंमत किती मोठी आहे हे मूकपटांकडे पाहिले की कळते. भारतात हजाराहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांपैकी आज पूर्ण वा तुटक स्वरूपात पाहायला मिळणारे अगदी थोडे. नायट्रेट फिल्म पेट घेते, कुजते. जुन्या फिल्मीतली चांदी काढून घेण्यासाठी ती भंगारात विकली जात असे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, तीत प्रभातच्या चित्रपटांसह बरेच काही गेले. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये लागला. भारताच्या या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही. ज्या चित्रपटाचे सारे महत्त्व आवाजात, त्याचा आवाज ऐकलेले कान आता उरलेले नाहीत. उरले आहेत ते कागद: जाहिराती, छायाचित्रे, बातम्या, समीक्षणे. जाहिरात बोलते ते निर्मात्याच्या वतीने. समीक्षण निदान प्रेक्षकांच्या बाजूच्या खुर्चीत बसून लिहिलेले असते.

५/
बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) घ्या. ना. ह. आपटे यांची कथा, व्ही. शांताराम शेतकऱ्याच्या भूमिकेत, कर्जात बुडून जमीन गमावणाऱ्या माणसाची कहाणी. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा हा पूर्वज आहे, असे प्रत्येक इतिहासग्रंथ सांगतो. आपल्यापैकीही अनेकांनी हे वाक्य कुठे ना कुठे लिहिले असेल. आज तो मूकपट उपलब्ध नाही. पेंटरांनीच १९३६ मध्ये त्याची बोलकी आवृत्ती काढली, पण ती वेगळी कृती.

म्हणजे ज्या चित्रपटाला आपण मैलाचा दगड म्हणतो तो आपण पाहिलेला नाही, आपल्या शिक्षकांनी पाहिलेला नाही, त्यांच्या शिक्षकांपैकीही क्वचितच कोणी पाहिला असेल. आपला हा निवाडा कोणाच्या तरी लिखित शब्दावर उभा आहे. तो शब्द कोणाचा, केव्हाचा, प्रत्यक्ष पाहून लिहिलेला की ऐकून, हे विचारल्याशिवाय ते वाक्य पुढे ढकलणे म्हणजे ऐकीव बखरीची नक्कल उतरवणे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात लाज वाटावी असे बरेच दिसते.

६/
आता ‘शोले’.

ही कथा आपल्या पानांवर दर १५ ऑगस्टला फिरते. १९७५ साली समीक्षकांनी ‘शोले’ची खिल्ली उडवली, व्यापारी गोटाने तो पडला असे जाहीर केले, मग प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला आणि मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. तात्पर्य: समीक्षक मूर्ख. कथेतील घटना खऱ्या आहेत. तात्पर्य मात्र अत्यंत आळशी आहे.

त्या वेळच्या एका महत्त्वाच्या नियतकालिकातला आक्षेप असा होता, की पाश्चात्त्य ‘वेस्टर्न’चे कलम भारतीय मातीत लावण्याचा हा प्रयत्न जमलेला नाही. आज हे वाचून आपल्याला हसू येते, कारण गब्बर आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. रामगढ हे आपलेच एखादे गाव वाटते. पण १९७५ मधल्या जाणत्या शहरी प्रेक्षकाला ते गाव उपरे वाटले होते. घोडे, खडकाळ माळ, भाडोत्री बंदूकधारी, हे सारे त्याने इंग्रजी पडद्यावर पाहिलेले होते आणि त्याला शिवण दिसत होती. पुढच्या काळात ती शिवण नाहीशी कशी झाली? संवादांच्या तबकड्यांनी? वारंवार लागण्याने? दूरदर्शनमुळे? हा इतिहासाचा खराखुरा प्रश्न आहे आणि तो त्या ‘चुकलेल्या’ समीक्षणाशिवाय सुचलाच नसता. समीक्षकाचा अंदाज फसला म्हणून त्याची साक्ष रद्द होत नाही. पानिपतावर विजय मिळेल अशी आशा व्यक्त करणारे १७६० सालचे पत्र आपण फाडून टाकतो का?

७/
‘शोले’चे आणखी एक. चित्रपट लागला तेव्हा आणीबाणी जाहीर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. सेन्सॉरच्या आग्रहावरून शेवट बदलावा लागला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो, प्रदर्शित चित्रपटात पोलीस येऊन त्याला थांबवतात. मूळ शेवट असलेली पुनर्संचयित आवृत्ती २०२५ च्या उन्हाळ्यात इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली.

तेव्हा ‘१९७५ चा शोले’ म्हणजे नेमके काय, हे सांगणारा पुरावा कुठे शोधायचा? त्या आठवड्याच्या समीक्षणांत. समीक्षकाने कोणता शेवट पाहिला, हाणामारीबद्दल तो काय बोलला, आणि वृत्तपत्रांवर निर्बंध असताना पडद्यावरच्या पोलिसांबद्दल तो काय बोलला नाही, हे सारे वाचण्याजोगे आहे. मौनही वाचता येते. दफ्तरांत बसणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मात्र त्यासाठी आधी कागद हवा.

८/
इथे एक रास्त आक्षेप येतो: समीक्षक तरी कुठे निःपक्षपाती होते?

नव्हतेच. ‘फिल्मइंडिया’ हे मासिक बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये मुंबईतून सुरू केले. त्यांच्या लेखणीला अख्खा उद्योग दबकून असे. त्याच मासिकाची पाने स्टुडिओंच्या जाहिरातींनी भरलेली असत, आणि पुढे पटेल स्वतः निर्माते झाले. ‘द्रौपदी’ (१९४४) त्यांचा. नटनट्यांच्या रूपावर, धर्मावर, खासगी आयुष्यावर त्यांनी जे लिहिले त्यातले बरेच आज वाचवत नाही. आचार्य अत्रे एका हाताने ‘नवयुग’ साप्ताहिक चालवत होते आणि दुसऱ्या हाताने चित्रपट काढत होते. ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले तेव्हाही ते पत्रकारच होते. ख्वाजा अहमद अब्बास ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये चित्रपटांवर लिहीत होते आणि मग स्वतः पटकथा लिहू लागले.

मग काय करायचे? वाकेनविसाचे करतो तेच. मोगल दरबारचे अखबार लिहिणारा धन्याचा चाकर होता, म्हणून जदुनाथ सरकारांनी ते अखबार बाजूला टाकले नाहीत. दिल्लीहून हिंगणे पेशव्यांना कळवत होते त्यात त्यांचे स्वतःचे हितसंबंध गुंतलेले होते. तरी हिंगणे दफ्तराशिवाय अठराव्या शतकातली दिल्ली आपल्याला दिसत नाही. लिहिणारा कोणाचे मीठ खातो हे ध्यानात ठेवून वाचायचे. पटेलांच्या अंकात समीक्षण आणि त्याच स्टुडिओची पूर्ण पानाची जाहिरात एकत्र सापडली, तर तो आपल्यासाठी दुहेरी पुरावा आहे.

९/
आणि या पक्षपाती माणसांनी एके काळी साम्राज्याला नमवले होते, हेही विसरू नये. १९३८ मध्ये ‘द ड्रम’ हा ब्रिटिश चित्रपट मुंबईत लागला. वायव्य सरहद्दीवरचे कारस्थानी पठाण आणि त्यांना ठिकाणावर आणणारे शूर गोरे, असा त्याचा मासला. पटेल आणि अब्बास यांच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी हिंदुस्थानची बदनामी करणाऱ्या चित्रपटांविरुद्ध रान उठवले होते. मुंबईत निदर्शने झाली आणि ‘द ड्रम’ काढून घ्यावा लागला. पाठोपाठ हॉलिवूडचा ‘गंगा दीन’ (१९३९) आला, त्याच्यावर मुंबई आणि बंगाल प्रांतांत बंदी घालण्यात आली. प्रेम चौधरी यांनी साम्राज्यवादी चित्रपटांचा जो अभ्यास केला, त्यात या विरोधाला महत्त्वाची जागा आहे.

विचार करा: सरकारने तेव्हा ‘आधी तीन दिवस चित्रपट चालू द्या, मग लिहा’ असा नियम केला असता तर?

१०/
‘स्थानिक’ हा शब्द मी मुद्दाम जपून वापरतो आहे. मुंबईत बसून लिहिलेले समीक्षण मुंबईचे असते. कोल्हापूर, नाशिक, नागपूर, बेळगाव इथल्या वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्याने वेगळ्या खुर्चीतून चित्रपट पाहिलेला असतो. पिटातून शिट्टी कुठे आली, बायका कुठल्या प्रसंगाला पदर डोळ्याला लावत होत्या, मध्यंतरानंतर किती माणसे परतली नाहीत, बाहेर तिकिटांचा काळा बाजार होता की डोअरकीपर जांभया देत होता, हे राजधानीच्या इंग्रजी समीक्षेत सापडत नाही. नाशिकहून निघणाऱ्या ‘रसरंग’सारख्या साप्ताहिकाने हे जग पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत पोहोचवले. इसाक मुजावरांसारखा माणूस पुढे मराठी चित्रपटाचा इतिहासकार झाला तो याच पत्रकारितेतून, हा योगायोग नव्हे.

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला. आठवड्यांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण पहिल्या आठवड्यात कोण आले आणि पन्नासाव्या आठवड्यात कोण येत होते? शहरातले लोक किती, बाजाराला आलेले खेड्यातले किती, तमाशाच्या कनातीकडे न फिरकणारे पांढरपेशे किती? आकडा यातले काही सांगत नाही. गल्ल्याच्या आकड्यालाच इतिहास समजण्याची जी साथ सध्या पसरली आहे, तिच्यावर उतारा एकच: त्या काळी थिएटरात बसून लिहिलेला मजकूर.

११/
अर्थात या समीक्षकांच्या नजरेलाही वर्ग होता, जात होती. दादा कोंडके यांच्या चित्रपटांवर शहरी समीक्षेने किती नाके मुरडली, हे सर्वश्रुत आहे. ‘सोंगाड्या’ (१९७१) दादरच्या कोहिनूरमध्ये लावण्यासाठी शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले, ही गोष्ट आपण चवीने सांगतो. त्या चित्रपटाला ‘अभिरुचीहीन’ ठरवणारी अभिरुची कोणाची होती, हे मात्र कोणी तपासत नाही. मला ती नाके मुरडणेही हवी आहेत. १९७० च्या दशकातला मराठी मध्यमवर्ग स्वतःला कोणापासून वेगळे ठेवू पाहत होता, हे त्या तिरस्काराइतके स्पष्टपणे दुसरे कोण सांगणार?

आणि जत्रेतल्या तंबूत पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसून चित्रपट पाहणाऱ्यांसाठी कोणी समीक्षण लिहिले नाही. तिथे आपल्या हाती जवळजवळ काहीच नाही. ही पोकळी भरून निघणारी नाही.

१२/
आता दुसऱ्या प्रकारच्या लेखनाकडे. जुना चित्रपट पुन्हा दाखवला जातो आणि कोणी त्यावर नव्याने लिहितो. पुष्कळांना हे निवृत्तांचे स्मरणरंजन वाटते. खरे तर चित्रपटाच्या इतिहासातील अर्धे निवाडे इथे लागलेले आहेत.

‘कागज़ के फूल’ १९५९ मध्ये पडला. गुरुदत्तने त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव लावले नाही. आज तो जागतिक दर्जाचा मानला जातो. हा पालट आपोआप झाला नाही. फिल्म सोसायट्यांच्या खेळांत, संग्रहालयाच्या छोट्या प्रेक्षागृहांत, परदेशी महोत्सवांत तो पुन्हा पाहिला गेला आणि पाहणाऱ्यांनी लिहिले. अरुण खोपकरांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) या मराठी पुस्तकाला चित्रपटविषयक सर्वोत्तम ग्रंथाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅमेऱ्याची हालचाल, प्रकाश, गाण्यातली जागा यांकडे बोट दाखवून त्यांनी शिकवले, की पडलेल्या चित्रपटात काय पाहायचे राहून गेले होते. मुंबईत १९६८ पासून काम करणारे प्रभात चित्र मंडळ आणि त्याचे ‘रूपवाणी’ यांनी मराठीत अशा लेखनाला घर दिले. ‘रूपवाणी’चे अंक ओळीने लावले, तर एका शहराने जगाचा चित्रपट कोणत्या क्रमाने आणि कोणत्या समजुतीने पाहिला याचा नकाशा समोर येईल. तो नकाशा काढण्याजोगा शोधनिबंधाचा विषय कोणाला हवा असेल तर घ्यावा. मी हक्क सांगणार नाही.

१३/
पुनर्दर्शनाच्या समीक्षकाचे एक काम मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा होत नाही, आणि इथे माझी तक्रार समीक्षकांकडेच आहे. कोणती प्रत पाहिली ते लिहा!

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. आज त्याची म्हणून जी रिळे दाखवली जातात ती १९१३ ची, की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी दर वर्षी कुठेतरी खेळ होतो आणि ‘भारताचा पहिला चित्रपट पाहताना अंगावर काटा आला’ असा मजकूर छापून येतो. काटा येऊ द्या, पण वाद चालू आहे हेही एका वाक्यात सांगा. ‘मुगल-ए-आझम’ १९६० चा. त्यातली मोजकी रिळे रंगीत, बाकी कृष्णधवल. २००४ मध्ये तो संपूर्ण रंगवून, लांबीही कमी करून पुन्हा लावला. २००४ मध्ये पहिल्यांदा पाहिलेल्या मुलाने १९६० चा चित्रपट पाहिलेला नाही. त्याच्यासाठी अनारकलीच्या वस्त्रांचा रंग संगणकावर बसलेल्या तंत्रज्ञाने ठरवलेला आहे. हस्तलिखिताची कोणती प्रत वापरली, नक्कल कोणत्या शतकातली, क्षेपक कोणते, हे न सांगता ज्ञानेश्वरीवर लिहिणाऱ्याला आपण अभ्यासक म्हणू का?

१४/
सध्या जुने चित्रपट थिएटरांत पुन्हा लागण्याची लाट आहे. ‘तुंबाड’ २०१८ चा. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमावून गेला. ‘मंथन’ (१९७६) फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केला, तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि मग भारतातल्या पडद्यांवर आला. दोन्ही घटना नोंदवण्याजोग्या. परंतु सहा वर्षांत ‘तुंबाड’चा प्रेक्षक कसा बदलला? पहिल्यांदा न आलेली माणसे आता का आली? ‘मंथन’ पाहायला २०२४ मध्ये शहरातल्या थिएटरात कोण बसले होते आणि कोणत्या प्रसंगाला हसले? मी शोधले तेव्हा बहुतेक ठिकाणी पुन्हा आकडाच सापडला. वीस वर्षांनी याच लाटेवर प्रबंध लिहिणाऱ्याच्या हाती आपण गल्ल्याचा तक्ता आणि भित्तिपत्रकांची चित्रे ठेवणार आहोत.

१५/
कोणी म्हणेल, आता हजारो लोक मोबाइलवरून मते मांडतात, समकालीन साक्षींचा महापूर आला आहे. महापुरातले पाणी पिता येत नाही. अनेक नोंदींवर पाहिल्याची तारीख नसते, थिएटर नसते, पुष्कळदा लिहिणाऱ्याचे खरे नावही नसते. नोंद मागाहून बदलली तर ते कळत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या मराठी संकेतस्थळांवरची समीक्षणे उघडून पाहा; कित्येक दुवे मेलेले आहेत. १९३५ चा छापील अंक वाळवीतून वाचला तर आजही वाचता येतो. २०१५ मधले समीक्षण सर्व्हरचे भाडे थकले की संपते. शिवाय साडेतीन तारे म्हणजे काय, हे शंभर वर्षांनी कोणाला कळावे? ‘नायिका दुसऱ्या अंकात उगाच रडते आणि तेव्हा मागच्या रांगेतली पोरे खिदळत होती’ हे मात्र कळेल.

१६/
आपल्या मंडळींना एक टोचणारी गोष्टही सांगतो. ऐतिहासिक चित्रपट लागला की आपण सगळेच समीक्षक होतो. जिरेटोपाची घडी, तलवारीची मूठ, घोड्याचे खोगीर, वाड्याच्या कमानी. चुकांची यादी पहिल्या खेळानंतर तासाभरात तयार. त्यात गैर काही नाही, मीही करतो. पण ती यादी सतराव्या शतकाविषयी असते. तो चित्रपट ज्या शतकात तयार झाला त्याविषयी आपण काय नोंदवले? भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ चा. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत त्यांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. त्या महाराष्ट्रात, त्या कोल्हापुरात लोकांनी तो कसा पाहिला? पगडीच्या चुका शोधून याचे उत्तर मिळणार नाही. आणि आज घोषणा देत, पडद्याकडे हात जोडत, रडत चित्रपट पाहणाऱ्यांच्या थिएटरात आपण बसलेलो असतो, तेव्हा उद्याच्या अभ्यासकाचे साक्षीदार आपणच असतो. बहुतेक वेळा आपण फक्त खोगीर पाहून घरी येतो.

१७/
म्हणून निर्मात्यांच्या मागणीला इतिहासवाल्यांनी विरोध केला पाहिजे, तो समीक्षकांवरील प्रेमापोटी नव्हे. उद्या एखादा चित्रपट कापला गेला, त्याचा शेवट बदलला, संवाद मुके केले, मंचावरून तो गुपचूप काढला आणि सुधारित प्रत ठेवली, तर मूळ काय होते हे सांगणारा कागद पहिल्या दिवशीचा असेल. चौथ्या दिवशीचा समीक्षक कदाचित कापलेली प्रतच पाहील.

१८/
आता काम. ज्यांच्या घरी ‘रसरंग’, ‘रूपवाणी’ किंवा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांच्या जुन्या रविवार पुरवण्या पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीवाल्याला देण्याआधी चित्रपटाचे पान बाजूला काढावे. कात्रण करताना वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि आवृत्ती पेन्सिलीने कडेला लिहावी, शाई उतरते. कात्री लावण्यापूर्वी पूर्ण पानाचे छायाचित्र घ्यावे, कारण शेजारची जाहिरात, थिएटरांची नावे आणि खेळांच्या वेळाही लागतात. लिहिणाऱ्याचे नाव नसेल तर ‘नाव नाही’ अशी नोंद करावी, अंदाज करू नये. आणि येत्या शुक्रवारी चित्रपट पाहणार असाल, तर घरी आल्यावर गाव, थिएटर, खेळाची वेळ आणि किती खुर्च्या भरल्या होत्या, एवढे वर लिहून मग खाली काय वाटले ते लिहा. कात्रणांची छायाचित्रे या धाग्याखाली टाकलीत तर मी ती गाव आणि सालानुसार लावून ठेवेन.